टॅगला वजन कळत नाही

दिवाळी सरली की धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीकडे येणाऱ्या रस्त्यांची चाल बदलते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, शिगोशीग भरलेले ट्रक, टायरच्या बैलगाड्या आणि रस्त्यावर पडलेल्या उसाच्या मोळ्या. इथल्या तेरणानगरचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हा मराठवाड्यातल्या जुन्या सहकारी कारखान्यांपैकी एक. कर्जाच्या ओझ्याखाली तो कित्येक हंगाम बंद राहिला आणि पुढे भाडेतत्त्वावर त्याच्या बॉयलरचे पुन्हा अग्निप्रदीपन झाले. अशा कोणत्याही कारखान्याच्या यार्डात हंगामात उभे राहिले, तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. साखर ऊस टाकायच्या गव्हाणीच्या पलीकडे तयार होते, पण भांडणे गव्हाणीच्या अलीकडे तयार होतात. कोणाची गाडी आधी आली, कोणी नंबर तोडून पुढे घुसवली, काट्यावर नाव कोणाचे लागले, पावती कोणाची निघाली.

ही भांडणे फुकाची नसतात. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की सुकतो, म्हणजे शेतकऱ्याचे वजन घटते. आणि त्यातल्या साखरेचे विघटन सुरू होते, म्हणजे कारखान्याचा उतारा घटतो. रांगेतला प्रत्येक वाया गेलेला तास दोघांच्याही खिशातून जातो. त्यामुळे कागदी टोकन आणि वहीऐवजी गाडीवर एक चिकटपट्टी लावावी, ती यंत्राने आपोआप वाचावी आणि रांगेचा हिशेब संगणकाने ठेवावा, ही कल्पना कारखानदारांना पटते यात नवल नाही. या यंत्रणेला आरएफआयडी म्हणतात: रेडिओ लहरींनी दुरून ओळख पटवण्याची सोय.

ढोकी परिसरातल्या माणसाला हे तंत्र नवे नाही, फक्त नावाने ओळखीचे नाही. सोलापूर-धुळे महामार्गावर टोलनाक्यावर गाडी हळू केली की काचेवरचा फास्टॅग वाचला जातो आणि खात्यातून पैसे वजा होतात. ते हेच तंत्र. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. म्हणून पुष्कळांचा असा समज होतो की टोलनाक्यावर जे चालते ते यार्डात चालणारच, यंत्र आणा आणि बसवा. इथेच घोटाळा होतो. टोलनाक्यावर एका गाडीपुरती एक लेन असते, वर छत असते, टॅग काचेवर ठराविक जागी असतो. यार्डात यातले काहीच नसते.

आधी यंत्र कसे चालते ते पाहू. टॅगमध्ये बॅटरी नसते. आत तांदळाच्या कणीहून लहान चिप आणि तिला जोडलेला धातूच्या पातळ पत्र्याचा अँटेना, एवढेच. वाचक यंत्र, म्हणजे रीडर, सतत रेडिओ लहरी सोडतो. त्या लहरींतून जेमतेम दहा-पंधरा मायक्रोवॅट ऊर्जा मिळाली की चिप जागी होते. मग ती स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. आलेली लहर कमी-जास्त प्रमाणात परत फेकते. शाळेत असताना आपण आरशाने समोरच्या भिंतीवर कवडसा पाडायचो आणि आरसा हलवून खुणा करायचो, तसाच हा प्रकार. उजेड सूर्याचा, खूण आपली. परतलेल्या लहरीतल्या या चढउतारांतून रीडर टॅगचा क्रमांक ओळखतो. हे तत्त्व जुने आहे. परावर्तित शक्तीने संदेश पाठवण्यावर हॅरी स्टॉकमन या अभियंत्याचा निबंध १९४८ साली प्रसिद्ध झाला होता. चिप स्वस्त व्हायला मात्र पुढे अर्धे शतक वाट पाहावी लागली.

सगळे टॅग एका जातीचे नसतात आणि खरेदीतली पहिली चूक इथे होते. कार्यालयाच्या दाराला टेकवायचे जाड पांढरे कार्ड बहुधा १२५ किलोहर्ट्झवर चालते; ते दोन-चार इंचांवरून वाचले जाते. मेट्रोचे किंवा बँकेचे टेकवायचे कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते, तेही जवळूनच. गाड्यांसाठी लागतो तो तिसरा प्रकार, अतिउच्च वारंवारतेचा, जो पाच-दहा मीटरवरून वाचता येतो. भारतात या प्रकाराला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्याविना खुला करण्यात आला आणि २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढवला. अमेरिकेत मात्र याच कामासाठी ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ वापरतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा रीडर पुष्कळदा त्या मांडणीवर ठरवलेला येतो. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झमध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. म्हणजे असा रीडर यार्डात सुरू केला, की टॅग वाचला जाईलही, पण शेजारच्या टॉवरच्या कानात दिवसरात्र गोंगाट होईल, आणि तो बेकायदा असेल. खरेदीच्या आधी दोनच कागद मागावेत: यंत्र भारतीय पट्ट्यावर ठरवलेले असल्याचा लेखी दाखला आणि दूरसंचार खात्याची त्या मॉडेलसाठीची उपकरण मान्यता. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर चहा पाजून निरोप द्यावा.

आता मूळ अडचण. या लहरींचे दोन वैरी आहेत, पाणी आणि लोखंड. पाणी त्यांना शोषून घेते, लोखंड परतवून लावते. उसात साधारण सत्तर टक्के पाणी असते, आणि तो ज्यात भरलेला असतो ती ट्रॉली लोखंडाची. साखर कारखान्याचे यार्ड म्हणजे या तंत्राची परीक्षा घ्यायला मुद्दाम उभारलेली जागा वाटावी. साधा चिकटपट्टीचा टॅग थेट पत्र्यावर डकवला तर तो जवळपास मुका होतो. लोखंडावर लावायचे टॅग वेगळे मिळतात, त्यांत पत्रा आणि अँटेना यांच्यामध्ये विशिष्ट पदार्थाचा थर असतो. ते साध्या टॅगच्या कित्येक पट महाग असतात, म्हणून काटकसरी संचालक तिथेच हात आखडतात.

ट्रकला काच असते, त्यामुळे तिथे टॅग आतून लावता येतो. (फास्टॅगपासून थोडे अंतर ठेवून. शिवाय यार्डातला रीडर फास्टॅगही वाचणार, तेव्हा आपल्या क्रमांकांखेरीज बाकीचे टाकून देण्याची सोय संगणकात हवी. नाहीतर एकाच ट्रकच्या दोन गाड्या मोजल्या जातील.) पण ट्रॅक्टरला बहुधा काचच नसते. टॅग बोनेटवर लावला तर इंजिनाची उष्णता, मडगार्डवर लावला तर चिखल आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचे पाय. शिवाय ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची जोडी कायमची नसते; आज या ट्रॅक्टरमागे तर उद्या त्या. म्हणून ट्रॉलीलाही स्वतंत्र टॅग लागतो आणि तो अनलोडरचा धक्का, दोरखंडाची ओढ आणि उसाचा मार जिथे पोहोचणार नाही अशा जागी रिव्हेट करून बसवावा लागतो, चिकटवून नाही. बैलगाडीचे मला तरी एकच उत्तर योग्य वाटते: गाडीवानाच्या हातात टेकवायचे कार्ड द्या. बैलाचे अंग, लोखंडी धुरा आणि हिरवे वाढे यांच्यातून दहा मीटरवरून टॅग शोधण्याचा हट्ट धरू नका.

यानंतरचा मुद्दा साधा आहे, पण तोच सर्वांत जास्त वेळा डावलला जातो. यंत्रणा बसवतात हंगामाआधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कारण तेव्हा वेळ असतो. रिकाम्या यार्डातून एक रिकामा ट्रक नेतात, यंत्र पिंग करते, सगळे टाळ्या वाजवतात, बिल मंजूर होते. नोव्हेंबरमध्ये त्याच जागी तीन रांगा लागतात, ट्रॉल्यांच्या बाहेर हातभर ऊस लोंबत असतो, पहाटे दव पडलेले असते, टॅगवर धुळीचा आणि रसाचा राप बसलेला असतो. मग काही गाड्या वाचल्याच जात नाहीत, आणि काही अशा वाचल्या जातात ज्या काट्यावर नसून शेजारच्या रांगेत उभ्या असतात. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट. न वाचलेली गाडी निदान ओरडून सांगते. भलतीच वाचलेली गाडी निमूटपणे एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर टाकते.

यावर पुष्कळ तंत्रज्ञ रीडरची शक्ती वाढवतात. ते उलटे आहे. शक्ती वाढवली की लहर पत्र्यांवर आदळून यार्डभर उधळते आणि लांबचे टॅग जागे होतात. शक्ती कमी करावी, अँटेना खाली झुकवून एकाच रांगेकडे रोखावा, आणि काट्याच्या फलाटावर गाडी पूर्ण आली आहे हे दाखवणारे किरणांचे संवेदक दोन्ही टोकांना बसवावेत. गाडीची सर्व चाके फलाटावर असतील तेव्हाच रीडर सुरू व्हावा. या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते, त्यामुळे अँटेना वीतभर सरकवला तरी वाचन बदलते. याचाच अर्थ नकाशावर जागा ठरवून चालत नाही. भरलेल्या गाड्या, खरी रांग आणि पहाटेचे दव असताना जागेवर चाचपून पाहावे लागते.

वायरीकडे कोणी लक्ष देत नाही. रीडर काट्याच्या खोलीत आणि अँटेना बाहेर खांबावर, मधली केबल जी हाती लागेल ती. आरजी-५८ नावाची पातळ केबल दहा मीटर टाकली तर या वारंवारतेला जवळपास दोन-तृतीयांश शक्ती केबलमध्येच जिरते. जाड, कमी क्षयाची केबल वापरली तर तेवढ्याच अंतरात पाव हिस्सा जातो. अँटेनाजवळच रीडर बसवून त्याला नेटवर्कच्या केबलमधून वीज देणे हे त्याहून बरे. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा पडतात. उंच लोखंडी खांबावरचा अँटेना म्हणजे त्यांना आमंत्रणच. खांबाला अर्थिंग, केबलला वीजरोधक आणि काट्याच्या वजन मोजणाऱ्या लोडसेलच्या अर्थिंगशी त्याची नीट सांगड, हे काम जाणत्या वायरमनचेच आहे. आणि खांबावर चढणारा माणूस पट्टा बांधूनच चढला पाहिजे, खालची वाहतूक थांबवूनच. यंत्रणा बसवताना होणारे अपघात लहरींनी होत नाहीत, शिडीवरून पडून होतात.

लहरींची भीती किती बाळगावी? भारतीय नियमांत रीडरची शक्ती एक वॅट आणि अँटेनातून एका दिशेने फेकलेली प्रभावी शक्ती चार वॅटपर्यंत मर्यादित आहे. अँटेनासमोर कोणाची खुर्ची किंवा रोजची उभी राहण्याची जागा येऊ नये, निदान हातभर अंतर राहावे, एवढे पाळले की पुरे. एक अपवाद गंभीर आहे. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या संशोधकांनी २००८ साली ४१ वैद्यकीय उपकरणांजवळ आरएफआयडी यंत्रे चालवून पाहिली. १२३ चाचण्यांपैकी ३४ वेळा उपकरणांत बिघाड दिसला आणि त्यातले २२ प्रसंग रुग्णावर घडले असते तर धोकादायक ठरले असते. तेव्हा कारखान्याच्या दवाखान्यात किंवा रुग्णवाहिकेच्या थांब्याजवळ रीडर नको, आणि छातीत पेसमेकर असलेल्या कामगाराला अँटेनाजवळ रेंगाळण्याची पाळी येऊ नये. जिथे आसवनी आणि इथेनॉलच्या टाक्या आहेत तिथला नियम तर आणखी कडक. ज्वलनशील वाफ साचू शकते अशा भागात साधा रीडर, साधा जंक्शन बॉक्स, साधा मोबाइलसुद्धा चालत नाही. ज्वालारोधक प्रमाणपत्र असलेलेच उपकरण लागते. या विषयातली केंद्र सरकारची सर्वोच्च यंत्रणा, पेसो, नागपुरातच आहे, हे महाराष्ट्रातल्या कारखान्यांना सोयीचे.

सुरक्षेसाठी आरएफआयडी वापरायची म्हणून काही जण कामगाराच्या हेल्मेटवर टॅग लावतात आणि तो गव्हाणीच्या किंवा ऊस कापणाऱ्या यंत्राच्या जवळ गेला की पट्टा आपोआप थांबेल अशी व्यवस्था सुचवतात. माझे मत याविरुद्ध आहे. माणसाचे शरीरही बहुतांशी पाणीच. तो वाकला, पाठ फिरली, की टॅग झाकला जातो. ज्या यंत्राच्या वाचण्यावर जीव अवलंबून आहे ते दहातून एकदा चुकले तरी चालत नाही. जाळी, दोरी ओढून थांबवण्याचा स्विच, दुरुस्तीच्या वेळी वीज बंद करून लावलेले कुलूप आणि त्याची किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात, ही जुनी साधने हटवू नका. आग लागली तर किती माणसे बाहेर आली याची मोजदाद करायला टॅग उपयोगी पडेल, पण शेवटी हजेरीपट घेऊन नावे पुकारावीच लागतात.

हजेरीचे कार्ड हा वेगळाच विषय. १२५ किलोहर्ट्झचे स्वस्त कार्ड फक्त एक क्रमांक सांगते, तोही विचारणाऱ्या कोणालाही. त्याची नक्कल करणारे हातात मावणारे यंत्र बाजारात मिळते. जगभर लाखो दारांवर वापरल्या गेलेल्या मायफेअर क्लासिक कार्डाचे कुलूप २००७-०८ मध्ये संशोधकांनी उघडून दाखवले. नेदरलँड्समधल्या नायमेगेन विद्यापीठाने त्याची पद्धत प्रसिद्ध करू नये म्हणून कार्ड बनवणारी कंपनी न्यायालयात गेली आणि हरली. इतक्या वर्षांनंतरही तीच कार्डे विकली जातात. साखरेच्या गोदामाच्या दाराला असे कार्ड लावणे म्हणजे कुलपावर किल्ली टांगून ठेवणे. गाड्यांच्या टॅगमध्येही पासवर्डची सोय असते, पण तो टॅग बनवणाऱ्या कारखान्यातून येताना शून्यच असतो आणि बसवणारे बहुधा तसाच सोडतात. टॅगमध्ये नाव, गट क्रमांक, टनेज असले काही भरू नये. फक्त क्रमांक असावा, बाकी सारे संगणकात.

कार्ड माणसाच्या गळ्यात पडले की प्रश्न तंत्राचा राहत नाही. काही वर्षांपूर्वी नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली, तेव्हा पाळत ठेवली जात असल्याची तक्रार झाली. ते तंत्र निराळे, दुखणे तेच. प्रवेशद्वारावर आणि धोक्याच्या भागाच्या तोंडाशी रीडर असणे समजू शकते. चहाच्या टपरीशी किंवा शौचालयाच्या वाटेवर रीडर लावणाऱ्या व्यवस्थापनाला कामगार काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही झाला. कोणती नोंद ठेवली जाते, किती दिवस, कोण पाहते, हे मराठीत लिहून फलकावर लावायला कोणाची हरकत असावी? आणि कार्ड वाचले गेले नाही म्हणून कोणाचा रोज कापला जाणार नाही, ही हमी त्यात पहिली हवी. यंत्राच्या चुकीचा भुर्दंड हंगामी आणि ठेक्यावरच्या माणसाला बसतो, कायम नोकराला सहसा बसत नाही.

आता काट्याकडे. शेतकऱ्याच्या मनातला खरा संशय रांगेचा नसतो, वजनाचा असतो. आणि टॅगला वजन कळत नाही. तो एवढेच सांगतो की अमुक क्रमांकाची चिकटपट्टी अमुक वेळी अँटेनासमोरून गेली. गाडीत ऊस कोणाचा आहे हे फडात कारखान्याच्या चिटबॉयने काय नोंदवले त्यावर ठरते, आणि किती आहे हे काट्याखालच्या लोडसेलवर. वैधमापन विभागाची दरवर्षीची पडताळणी आणि मोहोर नसेल तर टॅगच्या झगमगाटाने काही साधत नाही. उलट एक नवी फट उघडते. रिकाम्या गाडीचे वजन एकदाच घेऊन टॅगच्या क्रमांकाशी कायमचे जोडून ठेवले की प्रत्येक खेपेला रिकामा काटा करण्याचा वेळ वाचतो, असे सांगितले जाते. पण ट्रॉलीच्या फळ्या बदलतात, चिखल बसतो, ट्रॅक्टर बदलतो. रिकाम्या गाडीचे वजन दर खेपेला झालेच पाहिजे, आणि ते शेतकऱ्याला बाहेरच्या मोठ्या आकड्यांच्या पाटीवर दिसले पाहिजे.

टॅगचा खरा फायदा वेळेच्या नोंदीत आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. गाडी कधी आत आली, कधी काट्यावर चढली, कधी रिकामी झाली, याची नोंद माणसाचा हात न लागता होत असेल आणि त्याच क्षणी शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत संदेश जात असेल, तर ती नोंद त्याच्या हातातला पुरावा ठरते. गाड्या मोजणे या भागाला नवे नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ढोकीच्या शेजारच्या तेरहून, त्या काळच्या तगरहून, कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे असे एका ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेले आहे. तेव्हाही कोणी तरी गाड्या मोजत असणारच, आणि व्यापारी त्या मोजणीवर वाद घालत असणार.

टॅग न वाचलेल्या गाड्यांचे काय करायचे, हे आधी ठरलेले हवे. हाताने नोंद करावी लागणारच, पण ती दोघांच्या सहीने आणि कारणासह व्हावी. आज किती गाड्यांची नोंद हाताने झाली हा आकडा रोज संध्याकाळी काट्याच्या खोलीबाहेर लिहावा. तो आकडा वाढू लागला तर एक तर यंत्र बिघडले आहे, नाही तर माणसे. दोन्ही कळणे गरजेचे आहे. वीज गेली तर किती वेळ बॅटरीवर चालेल, संगणकांचे जाळे तुटले तर नोंदी रीडरमध्ये साठतील का, आणि काट्याचे जाळे हिशेब विभागाच्या जाळ्यापासून वेगळे आहे का, हेही सप्टेंबरमध्येच विचारायचे प्रश्न.

हे सारे फक्त साखर कारखान्याला लागू नाही. धाराशिव-लातूर पट्ट्यातल्या सोयाबीनच्या गोदामांना, दूध संकलन केंद्रांना, बाजार समित्यांना विक्रेते हीच यंत्रणा दाखवत फिरतील. त्यांना करार करताना एक अट घालावी. पुरवठादाराच्या बिलाचा मोठा शेवटचा हप्ता यंत्रणा बसल्यावर द्यायचा नाही, तर पूर्ण हंगाम पार पडल्यावर, आणि तोही हाताने केलेल्या नोंदींचा आकडा ठरलेल्या मर्यादेत राहिला असेल तरच. ज्या विक्रेत्याचा आपल्या यंत्रावर विश्वास आहे तो ही अट मान्य करतो. ज्याचा नाही, त्याचे यंत्र आपल्या काट्यावर नको.